मास्तर पाण्यात असल्याशिवाय

आमच्या बसवंतराव मास्तरांना दोन गोष्टी मनापासून आवडत, नियम आणि जेवण. पोहणं त्यात येत नव्हतं. तरी सेलूच्या व्यापाऱ्यांनी पोरांना पोहायला शिकवण्यासाठी पेडगावात उन्हाळी शिबिर भरवलं, तेव्हा त्यावर नेमले तेच. निजामाच्या राज्यात चार माणसं जमवायची तर इजाजत लागे. मास्तरांचा चेहरा बघून कुठल्याही अंमलदाराला बंडाची शंका येणं शक्य नव्हतं, म्हणून ती मिळाली.

विहीर गौराबाईची, ऐसपैस, पायऱ्यांची, भर उन्हाळ्यात दोन पुरुष पाणी असलेली. आमचा स्वयंपाकही तीच करायची. रोज सकाळी प्रार्थनेनंतर आम्ही विहिरीचे नियम घोकायचो. विचारल्याशिवाय उतरायचं नाही. काठावरून वाकायचं नाही. जेवून पाण्यात उतरायचं नाही. पाण्यात थुंकायचं नाही, आणि आणखी एक करायचं नाही, ज्याचं नाव मास्तर घेत नसत, नुसते मुंजाजीकडे बघत.

शेवटचा नियम असा, की मास्तर पाण्यात असल्याशिवाय कोणी बुडी मारायची नाही. ऐकायला बरा वाटायचा. पण मास्तर घोट्याच्या वर कधी भिजलेच नाहीत, तेव्हा बुडीचं नावच नको. पाठीला वाळका भोपळा बांधून आम्ही बेडकासारखे हातपाय हलवत राहायचो. मुंजाजीला चालण्याआधी पोहता येत होतं, पण त्याच्याही पाठीला भोपळा. बिचारा रडकुंडीला आला होता.

शेवटच्या दिवशी गौराबाईनं पुरण घातलं, आमरसही केला. वास पार विहिरीपर्यंत येत होता. आम्ही पाण्यात आणि मास्तर काठावर.

"मुंजाजी, भोपळा कुठाय तुझा?" असं ओरडत मास्तर काठावरून वाकले. मास्तर लिंगायत, आणि गळ्यातला इष्टलिंगाचा शिवदोरा जुना झाला होता. तो तुटला आणि लिंगाची चांदीची डबी डुबुक करून तळाला गेली.

मास्तर मटकन खाली बसले. लिंग अंगावर नसेल तर त्यांच्या घरचं माणूस अन्न सोडाच, पाण्याचा घोटही घेत नाही. नवं घ्यायचं तर गुरूच्या हातून, आणि त्यांचे गुरू पार बिदरकडे. मास्तर एकदा विहिरीकडे बघत, एकदा चुलीकडे. मला हसू येत होतं. पण पाळण्यात असताना बांधलेलं ते लिंग, आणि त्यांचा हात रिकाम्या छातीवर ते शोधत होता. ते बघून फार वाईट वाटलं.

"मुंजाजी," ते म्हणाले, "बुडी मार, बाळा."

बाळा हा शब्द शिबिरात पहिल्यांदाच ऐकू आला. मुंजाजी निघालाच होता, पण बन्सीधरनं त्याचा हात धरला. बन्सीधर वकिलाचा मुलगा.

"न्हाई मास्तर. तुमी पाण्यात असल्याबिगर बुडी मारायची न्हाई. तुमीच म्हणलाव."

"मी आता इजाजत देतोय ना."

"नियम माणूस बघून बदलत न्हाई, हे बी तुमीच म्हणलाव."

मास्तरांनी गौराबाईकडे बघितलं. ती त्यांच्याच धर्माची, तिला तरी कळवळा येईल अशी आशा. गौराबाईनं हातातलं उलथणं खाली ठेवलं.

"पोरगं बरोबर बोलायलंय," ती म्हणाली. "आधी लिंग, मग ताट. उतरा की."

"मला पोहता येत नाही," मास्तर हळूच म्हणाले.

"ते आमाला पयल्याच दिवशी कळलंय," बन्सीधर म्हणाला. "भोपळे लय हायत."

पाठीला दोन बांधले, पोट बघून तिसरा वाढवला. पहिल्या पायरीवर मास्तर अडले. "आणि पाणी तोंडात गेलं तर?"

"घोटभर बी चालायचं न्हाई," गौराबाई म्हणाली. "तोंड गच्च मिटून घ्या."

त्यांनी ओठ मिटले आणि आमचं नशीब उघडलं. आमच्यातल्या चंद्रभाननं कोणाला न विचारता वरून धाडकन उडी ठोकली. मास्तरांनी डोळे वटारले, पण ओठांतून चकार शब्द नाही. मग मी सोडून सगळ्यांनीच उड्या घेतल्या. मास्तरांनी माझा खांदा असा धरला होता, की नखं रुतली. पाय पायरीवरून सुटले तेव्हा त्यांनी डोळेही मिटले. भोपळ्यांनी त्यांना वर उचललं. थोड्या वेळानं त्यांनी एक डोळा उघडला. खांद्यावरची पकड सैल झाली.

मुंजाजी खाली गेला आणि गाळ घेऊन वर आला. पुन्हा गेला आणि कोणाच्या तरी घागरीचं झाकण घेऊन आला. मग बराच वेळ आलाच नाही. बन्सीधरचा चेहरा पांढरा पडायला लागला, तेवढ्यात मुंजाजीचं डोकं वर आलं. दातांत तुटका दोरा होता आणि दोऱ्याला डबी.

मास्तरांनी गाठ मारली, डबी गळ्यात घातली, डोळ्यांना लावली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते विहिरीचं नव्हतं एवढं आम्हालाही कळलं. आता तोंड उघडायला हरकत नव्हती. एवढ्या उड्यांचा हिशेब आता होणार होता.

"या मास्तर," वरून गौराबाईनं हाक मारली, "ताट वाढलंय. पोळी गरम हाय."

मास्तरांनी पायरीकडे बघितलं. मग हात जरा हलवून बघितले, आमच्यासारखे, बेडकाचे.

"गौराबाई, ताट झाकून ठेवा," ते म्हणाले. "जेवल्यावर मला उतरता येणार नाही."