हात की वाचा

वाघोलीच्या एका कॉलेजातून फोन आला तेव्हा उल्का मटार सोलत बसली होती आणि दिगंबर पेपर वाचत होता. फोन त्यानेच घेतला. पलीकडे स्पृहा नावाची विद्यार्थिनी होती. विज्ञान दिनाला उल्काचं व्याख्यान हवं होतं. विज्ञान माणसाच्या भल्याचं की त्याच्या मुळावर उठणारं, हा विषय.

"सर, टॉपिक ओल्ड आहे, पण मॅम स्वतः सायंटिस्ट होत्या ना, सो..."

"तिला बोलायला त्रास होतो," दिगंबर म्हणाला.

"येते म्हणावं," उल्का म्हणाली. शब्द इतके एकमेकांत गुंतून आले, की ते फक्त त्यालाच कळले.

नवराबायको दोघं रसायनशास्त्रातली. एकाच कंपनीच्या प्रयोगशाळेत त्यांची उमेदीची वर्षं गेली. तिथे त्यांनी मिळून एक कीटकनाशक शोधलं. ते गावोगाव फवारलं गेलं, पिकं वाचली, आणि पुष्कळ वर्षांनी त्यावर बंदी आली. तोवर दोघं निवृत्त झाली होती. मग उल्काचे हात थरथरायला लागले. पार्किन्सन्स. आयुष्यभर काय हाताळलंत, असं डॉक्टरांनी विचारलं. उत्तर ऐकून ते म्हणाले, "त्यानंच झालं असं ठामपणे सांगता नाही येणार. नाही झालं असंही नाही."

गोळ्या पुऱ्या पडेनात तेव्हा ऑपरेशन झालं. मेंदूत बारीक तारा आणि छातीत कातडीखाली एक छोटं यंत्र. सोबत रिमोट. यंत्राचा जोर वाढवला की हात शांत व्हायचे, पण जीभ जड पडायची. कमी केला की बोलणं मोकळं, आणि हात पुन्हा थरथरायचे. मधली जागा डॉक्टरांनी पुष्कळ शोधली. सापडली नाही.

त्यांनी हात निवडले. निर्णय दोघांचा, असं दिगंबर लोकांना सांगायचा. खरं म्हणजे तो दमला होता. भरवणं, वेणी घालणं, सांडलेलं पुसणं, यातून त्याला सुटका हवी होती. उल्का काही बोलली नव्हती, आणि नंतर तिला फारसं बोलताच येईना.

व्याख्यानाच्या दिवशी खराडीच्या ऑफिसांपाशी त्यांची भाड्याची गाडी रहदारीत अडकली. उल्काने पर्समधून रिमोट काढला.

"अगं, इथे कशाला? सगळ्यांसमोर हात हलत राहतील."

तिने बटण दाबलं. बघता बघता तिची बोटं मांडीवर नाचायला लागली.

"काच वर करा," ती म्हणाली. "केवढा धूर आहे! आणि ड्रायव्हरसमोर माझ्यावर खेकसू नका."

कितीतरी महिन्यांनी तिचा खणखणीत आवाज त्याच्या कानावर पडला. त्याने मुकाट्याने काच वर केली.

सभागृहात तिने माइक हातात घेतलाच नाही, तो स्टँडवर ठेवायला लावला. मुलं तिच्या हातांकडे बघत होती. "बघा, बघा," ती म्हणाली. "हे हात कदाचित आमच्याच औषधानं असे झाले. आणि ते थांबवणारं यंत्र माझ्या छातीत आहे. औषध करणारी आम्ही माणसं सकाळी डबा घेऊन कामाला जायचो. यंत्र करणारीही तशीच जात असतील. वाईट व्हावं असं आमच्यातल्या कुणाच्या मनात नव्हतं, आणि तेवढ्यानं भागलं नाही. आता मला बाजू घ्यायला सांगाल, तर मला ती घेता येत नाही."

टाळ्या अर्धवटच वाजल्या. पुढच्या रांगेतून एक धिप्पाड गृहस्थ उठले. ते कॉलेजचे विश्वस्त बजरंगराव. कॉलेजची जमीन मूळची त्यांचीच.

"मॅडम, त्या औषधाचं नाव काय म्हणला?"

उल्काने नाव सांगितलं.

"तेच. हितंच आमची वांगी हुती. आई पाठीवर पंप घिऊन फवारायची. तिचं हात बी असंच हलत्यात. आमी म्हणायचो, वय झालं."

दिगंबर सवयीने उभा राहिला. "असा थेट संबंध सिद्ध झालेला नाही. वय असतं, आनुवंशिकता असते..."

"सर, मी भांडाय न्हाय उठलो," बजरंगराव म्हणाले. "ह्यावर काय इलाज हाय का, येवढंच इचारतोय."

दिगंबर खाली बसला. बंदी आल्यापासून हेच वाक्य तो सगळ्यांना ऐकवत आला होता. ते न मागता ऐकवल्याची लाज त्याला आज पहिल्यांदाच वाटली.

पुढच्या आठवड्यात बजरंगराव आईला, गोदाबाईंना, घेऊन उल्काच्या डॉक्टरांकडे आले. दिगंबर सोबत गेला. म्हातारी त्याला "ल्येकरा" म्हणत होती आणि तो कोण, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानेही सांगितलं नाही. ऑपरेशन या वयात झेपणार नव्हतं. गोळ्या सुरू झाल्या.

काही दिवसांनी बजरंगरावांचा फोन आला. "सर, आईनं आज भाकरी थापली. वाकडीतिकडी झालीया, पर झाली."

"बजरंगराव, तुम्हाला आमचा राग नाही येत?"

"येतो की. पर वांगी बी तवा लई आली हुती. त्याच्यावरच तर शिकलो. आता कुणावर किती रागवायचं, तुमीच सांगा."

उल्काने व्याख्यानानंतर यंत्राचा जोर पुन्हा वाढवला नाही. वेणी, घास, सांडलेलं पुसणं, सगळं पुन्हा त्याच्याकडे आलं. एका दुपारी तिला वरणभात भरवताना त्याचा खांदा भरून आला. त्याने वाटी खाली ठेवली.

"दमलात ना?" उल्का म्हणाली. "कळतं मला."

"मग वाढव ना थोडं."

"झोपताना वाढवीन. आत्ता बोलू दे मला. गोदाबाईंना आपण कोण ते कुणी सांगितलंय का? मला सांगायचंय. माझ्या तोंडानं."

"उद्या जाऊ," तो म्हणाला, आणि त्याने वाटी उचलली.