उजवीकडचा काळोख

“सावकाश बघा, बाबा. घाई नाही,” मुलगा म्हणाला आणि काकूंनी त्याच्याकडे चमकून पाहिलं. घाई नाही म्हणणाऱ्याने मनात निकाल लावलेला असतो.

काउंटरवर दोन कॅमेरे होते. दुकानातल्या मुलीने कोपऱ्यातल्या अंधाऱ्या कपाटाचा फोटो दोन्हींनी काढून शेजारशेजारच्या पडद्यांवर मोठा करून लावला होता. कुठला कुठल्या कॅमेऱ्याचा, ते सांगायचं नाही, असं मुलाने तिला बजावलं होतं.

“पिक्सेल दोन्हींत सारखेच, काका. फरक सेन्सरचा. एकाचा लहान, एकाचा मोठा.”

“म्हणजे माणसं तेवढीच, एक बिऱ्हाड खोलीत आणि एक दिवाणखान्यात! मोठ्यात प्रत्येकाच्या वाट्याला उजेड जास्त, म्हणून अंधारातही फोटो स्वच्छ. मला शिकवतेस होय गं?”

मुलगी हसली. मुलगा हसला नाही.

मागच्या महिन्यात काकांनी काढलेले एका शाळेच्या सगळ्या वर्गांचे फोटो धूसर आले होते. मुलाने तेव्हाच सांगितलं होतं, बाबांना फरक दिसला तर नवा कॅमेरा, नाहीतर त्यांच्या फोटो स्टुडिओला कुलूप.

काकूंनी उमेदीची सगळी वर्षं निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून गावभरच्या मुरमांचे डाग घालवले होते. त्यांना बसल्या जागेवरून दिसत होतं. डावीकडच्या काळोखात रवा सांडल्यासारखे दाणे होते. उजवीकडचा काळोख शाईसारखा नितळ. उजवा म्हणा, त्या मनात घोकत होत्या, अहो, उजवा म्हणा.

काकांनी चष्मा पुसला. नाक पडद्याला टेकेल इतके वाकले.

“हा.”

बोट डावीकडे होतं.

मुलीने मान खाली घातली. आपणही डावाच म्हणावं, असं काकूंच्या अगदी ओठांवर आलं. आजवर चारचौघांत त्यांनी नवऱ्याचा शब्द खाली पडू दिला नव्हता. पण काम म्हणजे काम.

“उजवा,” त्या म्हणाल्या. “डाव्यात दाणे आहेत हो.”

काका पडद्याकडे बघतच राहिले.

“चला बाबा, घरी जाऊ,” मुलगा हळू आवाजात म्हणाला.

“थांब रे. हिला दिसतंय ना? मग घरात डोळे आहेत की!” काकांनी मुलीकडे हात पसरला. “मोठ्या सेन्सरचा दे.”

“अहो, मी जन्मात फोटो काढलाय का?”

“मी बिघडवलेले नीट करत होतीस ना? आता आधीच नीट काढ. पोरांना हसवायचं काम माझं.”

“आईला झेपेल का? जड आहे तो,” मुलगा म्हणाला. त्याच्या आवाजातला निकाल जरा डळमळला होता.

काकांनी कॅमेऱ्याचा पट्टा काकूंच्या गळ्यात घातला आणि बक्कल चाचपत, नुसत्या बोटांनी, तो आखूड करू लागले.