नऊशे अठरा

माझे सासरे भैयालाल भिलाईच्या कारखान्यात चौतीस वर्षं पॅटर्न शॉपमध्ये होते. पोलाद ओतायचा साचा करण्याआधी लाकडाचा हुबेहूब नमुना लागतो, तो करणारे हे लोक. रिटायर होऊन सहा वर्षं झाली, तरी त्यांच्या लेखी लाकूड कळणारा माणूस जगात एकच आहे आणि तो रुआबांध्यात आमच्या घरी राहतो. मी त्यांची सून नूतन. मी लाकडाशी नुसती खेळते. ‘खेळते’ हा शब्द त्यांचाच.

मागच्या खोलीत माझं सीएनसी राउटर आहे. नक्षी कॉम्प्युटरवर काढायची, फळी शिकंज्यांनी, म्हणजे लोखंडी पकडींनी, आवळायची, की फिरतं पातं आपोआप लाकूड कोरत जातं. नावाच्या पाट्या, जाळ्या, ट्रे असं काहीबाही मी त्यावर करते. घरात माझं म्हणावं असं तेवढंच आहे. स्वयंपाक माझ्या नवऱ्याच्या, रूपेशच्या, शिफ्टप्रमाणे होतो आणि टीव्ही मामाजींच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, बातम्यांप्रमाणे चालतो. सासूबाई कलावती हयात होत्या तोवर मशीनची बाजू घ्यायच्या. गेल्या वर्षी त्या गेल्या, आणि तेराव्याचे पाहुणे पांगत नाहीत तोच मामाजींनी खोली रिकामी करायचं काढलं. धूळ होते, कान फुटतात आणि हाताने न केलेलं काम हे कामच नव्हे, ही त्यांची रोजची आरती.

रूपेशचं वेगळंच. घरात भांडण लागलं की त्याला ड्यूटी आठवते. त्यानेच तोडगा काढला. सासूबाईंचा तुमसरहून आलेला सागवानी पलंग होता. पाय वाळवीने खाल्ले होते, पण फळ्या खणखणीत होत्या. त्याचं देवघर करायचं आणि अक्तीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, बैठकीतल्या कोनाड्यात बसवून त्यात सासूबाईंचे देव मांडायचे. आखणी मामाजींची, कापणी मशीनची. नीट बसलं तर मशीनबद्दल पुन्हा कोणी बोलायचं नाही. नाही बसलं तर मशीन त्याच दिवशी घराबाहेर.

मामाजींनी एकच अट घातली. “लेआउट माहा राहीन. सूतभर इकडचं तिकडं करायचं नाही.”

कोनाडा नऊशे चार मिलिमीटर रुंद होता, ते मी आणि रूपेशने टेपने मोजून त्यांना सांगितलं. देवघर नऊशेचं करायचं ठरलं. त्यांनी प्लायच्या फळीवर खऱ्या मापाची आखणी केली, शॉपमध्ये करायचे तशीच, टोकदार पेन्सिलने. काम देखणं होतं, हे मी नाकारत नाही.

ती आखणी कॉम्प्युटरमध्ये भरायला मी टेप लावला तर रुंदी भरली नऊशे अठरा. दोनदा मोजलं, तरी नऊशे अठराच. मग त्यांच्या पेटीतली पट्टी काढून टेपशेजारी ठेवली आणि मला हसू आलं. ओतलेलं पोलाद थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्नवाल्यांची पट्टी मुद्दाम लांब बनवलेली असते. तिच्यावर जिथे नऊशे लिहिलेलं असतं, तिथे खरे नऊशे अठरा असतात. लग्न होऊन आले तेव्हा हे मला त्यांनीच कौतुकाने सांगितलं होतं. चौतीस वर्षं हात त्याच पट्टीवर पडायचा, देवघराच्या वेळीही तिच्यावरच पडला. पण सागवान काही भट्टीतून निघत नाही.

सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी सांगायला निघालेही होते. चहा घेऊन बैठकीच्या दारात आले, तर मामाजी फोनवर गोंदियाच्या रेणूशी, माझ्या नणंदेशी बोलत होते. “डोकं मशीनचं, हात मशीनचे. इचं काय हाये त्यात? बटन त लहान लेकरूबी दाबते.”

मी चहा ठेवला आणि परत खोलीत येऊन नऊशे अठरा भरलं.

मला तेव्हा फार बरं वाटलं, ते लपवत नाही. अक्तीच्या दिवशी सगळ्यांसमोर त्यांची पट्टी आणि माझा टेप शेजारी ठेवायचा, एवढंच डोळ्यांसमोर होतं. चार दिवस कापणी चालली. मामाजी दारात उभे राहून नाक मुरडत होते आणि मी मनातल्या मनात म्हणत होते, मुरडा.

चिकटवण्यावरून आणखी एकदा वाजलं. त्यांचा हट्ट सरसाचा होता, कारण सरस गरम पाण्याने सुटतो आणि काही चुकलं तर सांधा उघडून दुरुस्त करता येतो. मी म्हटलं, मी चुकत नसते. दोन डब्यांतलं मिसळून लावायचं इपॉक्सी मी मागवलं होतं, ते एकदा धरलं की सुटत नाही. भिलाईच्या वैशाखात तर ते बघता बघता दगड झालं.

अक्तीला रेणू आली, भिलाईतल्याच कॅम्प-१ वस्तीतून मामाजींचे धाकटे भाऊ हेमराजकाका आले. सासूबाईंचे देव ताटात काढून ठेवले होते. रूपेशने आणि काकांनी देवघर उचललं, कोनाड्याशी नेलं, आणि ते अडलं. तिरकं करून पाहिलं, पुन्हा सरळ केलं. भिंतीचा रंग तेवढा खरवडला गेला.

मामाजींनी मान हलवली. मशीन आजच्या आज बाहेर, असं त्यांनी रूपेशला सांगितलं. आवाजात दुःख नव्हतं, उलट समाधान होतं.

मी याच घटकेची वाट पाहत होते. आखणीची फळी, त्यांची पट्टी आणि माझा टेप मी बैठकीच्या मधोमध आणून ठेवला. “मशीननं तुमचंच आयकलं, मामाजी. सूतभर इकडचं तिकडं केलं नाही. पट्टी कोणती घेतली, थे पाहा.”

हेमराजकाकाही कारखान्यातलेच. ते वाकले, पट्टी ओळखली आणि सरळ झाले. रेणूने तोंड फिरवलं. मामाजी खाली बसले. पट्टीवरून बोट फिरवत नऊशेपाशी आले आणि तिथेच थांबले. कानापर्यंत लाल झाले होते. मी मनात म्हटलं, आता कळलं?

मान वर करून त्यांनी विचारलं, “तुले हे कधी दिसलं?”

आत्ताच, असं मी म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण मला पुरतं जिंकायचं होतं. “लेआउट भरून राहिली होती तेव्हा.”

“म्हंजे चिपकवायच्या आधी.”

“हो.”

“चूक माही हाये,” ते म्हणाले. “शॉपमधी चुकणाऱ्याले आमी सांभाळून घेत होतो. पाहून चूप बसणाऱ्याच्या बाजूले कोणी उभं राहत नव्हतं.” मग रूपेशकडे वळून म्हणाले, “मशीन राहू दे. पैज इनं जिंकली.”

जेवणं कशीबशी उरकली. दुपारी मी देवघर मागच्या खोलीत नेलं. एक बाजू सोडवून अठरा मिलिमीटर कापले की काम होईल, असं वाटत होतं. कढत पाणी ओतलं, गरम हवेचं यंत्र लावलं, शेवटी पटाशी ठोकली. सांधा जागचा हलला नाही. शेजारची फळी उभी फाटली. शेवटचे दोन महिने सासूबाई याच फळ्यांवर पडून होत्या आणि तिथूनच ओरडून मला विचारायच्या, आज काय कोरलंस गं? मी दार लावून घेतलं आणि रडले. मामाजींचा राग तेव्हाही होताच, पण त्याहून जास्त स्वतःची किळस आली. देव अजून स्टीलच्या स्टुलावर आहेत.

त्यानंतर मामाजींनी मशीनबद्दल अवाक्षर काढलेलं नाही. माझ्याशीही बोलत नाहीत.

गेल्या आठवड्यात जाळी कोरायला शिवण झाडाच्या लाकडाची फळी मशीनवर आवळली होती. मामाजी पाणी प्यायला आत चालले होते, ते दारात थांबले. फळीकडे पाहिलं, मग वाकून एका कोपऱ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता काहीतरी टोमणा येईल, आणि खरं सांगते, तो यावा असं फार वाटलं. ते निघून गेले. मी बटण दाबलं. अर्धी जाळी झाल्यावर पातं त्या कोपऱ्यातल्या शिकंज्यावर आदळलं आणि तुटलं. तुकडा माझ्या खांद्याजवळून जाऊन भिंतीत घुसला. शिकंजा मी पात्याच्या वाटेतच आवळला होता.

मी तशीच बैठकीत गेले. ते खुर्चीवर बसून पेपर वाचत होते.

“मामाजी, तो शिकंजा तुमाले दिसला होता?”

त्यांनी पेपरचं पान उलटलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

“दिसला होता,” ते म्हणाले.