पहिली खुर्ची

“गोड आहे मास्तर, गोडच आहे,” काचेपलीकडून रेकॉर्ड कंपनीचे साहेब म्हणाले. “पण खरं सांगू का? झोप येते हो.”

बँडमधल्या कुणीच मान वर केली नाही. ड्रमवाला उगीचच एक स्क्रू आवळत बसला. पियानोवर मास्तरांची बायको होती, सगळ्या बँडची वहिनी. तिने मांडीवर हात ठेवून नवऱ्याकडे पाहिलं. मास्तर हसले, कारण अशा वेळी माणूस दुसरं करणार तरी काय? झोप येते हे त्यांना साहेबांच्या आधीच कळलं होतं. आपल्या पोराचं नाक नकटं आहे हे बापाला शेजाऱ्याने सांगावं लागत नाही.

दिवस पडते होते. एके काळी शहरातल्या नाचघरांत मास्तरांच्या बँडशिवाय पान हलत नसे. मग नाचघरं एकेक करून बंद झाली. एकात टायरचं गोदाम आलं, दुसऱ्यात फर्निचरचं दुकान. बँडमधली निम्मी माणसं पोटामागे गेली. उरलेल्यांना घेऊन मास्तर मिळेल ते रेकॉर्डिंग करत. कधी व्यायामाच्या वर्गासाठी एक-दोन-तीन-चार, तर कधी दुकानात गिऱ्हाईक रेंगाळावं म्हणून हळुवार काहीतरी. कंपनीने बँडच्या दोन तबकड्या काढल्या होत्या, त्या कुणी ऐकल्या देव जाणे. आजची तिसरी. ही पडली की कंपनीचं दार बंद, आणि मग बँड उरणार तो भिंतीवरच्या फोटोत.

ही झोप नेमकी कुठून आली, ते आपल्याशिवाय आणि बायकोशिवाय कुणालाच माहीत नाही, अशी मास्तरांची समजूत होती. कारण पहिल्या खुर्चीवर बसलं होतं. पहिला ट्रम्पेट. वहिनीचा थोरला भाऊ, म्हणजे मास्तरांचा मेव्हणा, आणि त्या नात्याच्याही आधीपासूनचा दोस्त, त्यामुळे दोघांत सगळा अरे-तुरेचा कारभार. त्याला सगळे भोंगा म्हणत. भोंग्याने वरचा सूर लावला की तीन गल्ल्या पलीकडची कुत्री उठून बसतात, असं ड्रमवाला शपथेवर सांगे. मास्तर डाव्या हाताचं बोट वर करत आणि तो सूर येई. सगळा बँड त्या एका सुरावर उभा असायचा, तंबू मधल्या खांबावर उभा असतो तसा.

दोन वर्षांपूर्वी भोंग्याचे पुढचे दात गेले. कवळी आली. भोंगा म्हणाला, “काही फरक पडत नाही रे,” आणि मास्तर म्हणाले, “छे, काहीच नाही.” फरक पडला होता. वरचा सूर फाटत होता, श्वास कवळीच्या कडेने निसटत होता. आता ज्याने आपल्या लग्नात स्वतःच्या बहिणीच्या पाठवणीला रडायचं सोडून ट्रम्पेट वाजवला, त्याला पहिल्या खुर्चीवरून ऊठ म्हणायचं कसं? मास्तरांची जीभच रेटली नाही. त्यांनी गुपचूप सगळ्या चाली खाली आणल्या. भोंग्याचे सूर एकेक पायरी उतरवले, आणि त्याच्याबरोबर बाकीच्यांचेही.

खुर्चीचंही तेच. ही खोली म्हणजे जुनं गोदाम, भिंतींना गाद्या ठोकलेल्या आणि मधोमध एकच मोठा माइक. बसायची रीत अशी की ज्याचा आवाज मोठा, त्याची खुर्ची लांब. भोंग्याची पूर्वी पार दाराला टेकलेली असे. गेली दोन वर्षं मास्तर सगळ्यांच्या आधी यायचे आणि ती थोडीशी पुढे ओढून ठेवायचे. आता ती माइकच्या इतकी जवळ आली होती की भोंग्याचे गुडघे स्टँडला लागत.

“असं करा ना,” साहेबांचा आवाज पुन्हा आला. “तुमची ती जुनी धून घ्या. शेवटी ट्रम्पेट वर चढतो ती. माझ्या आई-वडलांनी त्याच धुनेवर लग्न जमवलं म्हणतात. ती जशीच्या तशी द्या, उद्या तबकड्या काढायला प्रेसला पाठवतो.”

ती धून खाली आणायची सोय नव्हती, अख्ख्या गावाला पाठ होती ती. भोंग्याला वाजवू द्यावी तर काचेपलीकडे चार माणसांदेखत त्याचा सूर फाटणार. नको म्हणावं तर बँड संपला.

“दहा मिनिटं चहा घेतो,” मास्तर म्हणाले आणि जिन्यात गेले.

जिन्यात रिकामी खोकी रचून ठेवली होती. मास्तर एकावर बसले आणि भोंग्याला काय सांगायचं ते मनात जुळवू लागले. ती धून मला आता आवडत नाही, असं सांगावं? छातीत दुखतंय म्हणावं? तेवढ्यात भोंगा स्वतःच खाली आला, मागोमाग वहिनी.

“काय झालं रे?” भोंगा ओरडलाच. अलीकडे तो मास्तरांशी असाच ओरडून बोलायचा. कवळीमुळे असेल, असं मास्तर धरून चालले होते.

“काही नाही. ती धून नको वाटते.”

“घाबरू नकोस!” भोंगा त्यांच्या कानाशी वाकला. “मी आहे ना! तू नुसता हात हलव, बँडला मी मानेने खुणा करीन! इतके दिवस करतोच आहे!”

“कसल्या खुणा? आणि कानात कशाला बोंबलतोस?”

भोंग्याने वहिनीकडे पाहिलं. वहिनी छताकडे पाहू लागली.

“हे बघ,” भोंगा म्हणाला, तसाच मोठ्याने, “मला माहीत आहे. तुझे कान गेलेत. वरचे सूर तुला ऐकू येईनात म्हणून तू सगळं खाली आणलंस. माझा ट्रम्पेट ऐकू यावा म्हणून माझी खुर्ची जवळ ओढतोस. मी काय आंधळा आहे? कुणाला बोललो नाही. बोललो असतो तर तुझा बँड गेला असता.”

मास्तर खोक्यावरून उठलेच.

“माझे कान?” ते म्हणाले. “अरे, तुझी कवळी हलते तीसुद्धा ऐकू येते मला! ड्रमच्या आवाजातून!”

“मग सूर कशाला उतरवलेस?”

“तुझ्यासाठी, गाढवा! तुझ्या दातांसाठी!”

भोंगा समोरच्या खोक्यावर बसला.

“म्हणजे मला जमत नाही हे तुला कळत होतं?”

“कळत होतं.”

“आणि मी दोन वर्षं ओठ सोलून घेतोय! रोज सकाळी हिरड्यांतून रक्त येतं माझ्या. मी कधीच सोडणार होतो रे. तो टपालवाला ट्रम्पेट घेऊन बसलाय तिसऱ्या खुर्चीवर, दिवसभर सायकलवरून चढ चढतो, फुप्फुसं आहेत की भाते! त्याला पुढे बसवा म्हणून सांगणार होतो. पण म्हटलं, बहिऱ्या माणसाला असा मधेच टाकून जायचं कसं?”

दोघेही एकदम वहिनीकडे वळले.

“माझ्याकडे बघू नका,” वहिनी म्हणाली. “अहो, तुम्ही मला शपथ घातलीत, दादाला सांगू नकोस. आणि दादाने शपथ घातली, ह्यांना सांगू नकोस. नवरा नाही तर भाऊ, कुणाची शपथ मोडू? दोन वर्षं तोंड दाबून बुक्क्यांचा मार खातेय मी.”

आधी भोंगा हसला. मग मास्तर. हसता हसता मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते थांबेना, तेव्हा वहिनीने पदराने त्यांचा चष्मा पुसून पुन्हा नाकावर चढवला. मास्तरांचा जीव भांड्यात पडला होता. एवढं मोठं ओझं, आणि निघालं काय तर दोघांनी एकमेकांच्या पाठीवर ठेवलेलं.

“चल,” भोंगा उठत म्हणाला, अगदी साध्या आवाजात. “साहेब झोपला असेल तिकडे.”

वर आल्यावर भोंग्याने कुणालाही काही समजावलं नाही. पहिली खुर्ची उचलली आणि सरळ दारापर्यंत मागे नेऊन टेकवली, जिथे ती पूर्वी असे. खिशातून रुमाल काढून बैठक पुसली. मग टपालवाल्याला हाक मारली.

“बस. गरम आहे अजून.”

टपालवाला जागचा हलेना. “काका, ही तुमची...”

“आपली जुनी धून घेणार आहोत. वरचा सूर तुझा. मी खालून धरतो, तू खुशाल चढ. बस म्हणतो ना!”

टपालवाला बसला. सॅक्सोफोनवाल्याने पाठ ताठ केली, ड्रमवाल्याने काठ्या नीट धरल्या. त्या दोघांना सगळं केव्हापासून कळत होतं, ते त्यांचं त्यांना ठाऊक. भोंगा तिसऱ्या खुर्चीवर जाऊन बसला आणि काचेपलीकडचा लाल दिवा लागला.

वाजवताना मास्तरांना काहीच बघायला वेळ मिळाला नाही. सगळे सूर आपापल्या जुन्या उंचीवर परत गेले होते आणि बँड हातातून निसटू बघत होता, पहिल्यासारखा. शेवटी टपालवाल्याने सूर लावला. जरासा कच्चा, थोडा उद्धट, पण वर, अगदी वर. खाली भोंग्याचा जाड, सावकाश सूर त्याला धरून होता.

दिवा विझला. साहेब काचेपलीकडे उभे राहिले होते.

“हीच ठेवू,” ते एवढंच म्हणाले. “ऐकून बघा.”

भोंग्याने तोंडातली कवळी काढली, सगळ्यांदेखत, रुमालात गुंडाळून खिशात घातली आणि पाय लांब करून बसला. गाल आत गेलेले, पण चेहरा शाळा सुटल्यासारखा. ट्रम्पेट त्याने पेटीत ठेवून दिला होता. स्पीकरमधून धून सुरू झाली. पियानो आला, सॅक्सोफोन आले, आणि धून शेवटाकडे चढू लागली.

मास्तर डोळे मिटून ऐकत होते. तो सूर जवळ आला तसं त्यांच्या डाव्या हाताचं बोट आपोआप वर गेलं. डोळे उघडून पाहतात तर बोट दाराजवळच्या पहिल्या खुर्चीकडे नव्हतं, भोंग्याकडे होतं.

भोंग्याने ते पाहिलं. खांदे उचलले, आणि रिकाम्या हातांनी, वेळेवर, पूर्ण श्वास घेतला.