नोरानं काढलेला हेल

मिक टायर्नी पहाटे मेला, त्या दिवशीही नोरानं सकाळी दहाला कोंबड्यांना मका टाकला. म्हातारी शहात्तर वर्षांची. पायात नवऱ्याचे रबरी बूट, अंगात त्याचाच कोट. मागोमाग थोरला लेक डेनिस, स्वतः पन्नाशीला टेकलेला, कुंपणापर्यंत ओरडत आला.

"मॉम, आज तरी राहू दे ना! लोक काय म्हणतील?"

"कोंबड्या काय म्हनत्यात ते आधी बघू दे. लोकांनी न्याहारी केलीया."

कुंपणापलीकडे प्रतिमा सांत्वनाला म्हणून केलेला केक हातात घेऊन उभी होती. नोराची इंग्रजी आयर्लंडातल्या क्लेअरकडची. छप्पन्न वर्षांत तिला इलिनॉयची हवा लागली नव्हती. प्रतिमाच्या कानात ती थेट येरळा नदीकाठच्या, तिच्या माहेरच्या बोलीत उतरायची. मातीही तशीच काळी, चिकट. फक्त इथं शेतात माणूस दिसत नसे, यंत्रं दिसत. शिकागोजवळच्या शॉमबर्गहून पश्चिमेला दोन तासांवरचं न्यू एनिस हे आयरिश लोकांनी वसवलेलं गाव. मक्याच्या समुद्रात बुडालेलं. प्रतिमाचा नवरा चारुदत्त इथला एकमेव डॉक्टर. ती आठवड्यातून तीन दिवस गावच्या लायब्ररीत बसे आणि उरलेले चार दिवस तिथलीच पुस्तकं वाचत असे.

"ये गं पोरी," नोरानं फाटक उघडलं. "क्येक कशापायी आनलास? हितं सकाळपासनं सात क्येक आल्यात. मानूस गेलं की ही मानसं गोड खात्यात."

प्रतिमाला हसू आलं आणि ते तिनं गिळलं. गिळायची तिला सवय झाली होती. गेल्या जानेवारीत तिची आई, सुमित्राबाई, गेली. शिकागोचा विमानतळ बर्फानं बंद, मग मुंबईत बस चुकली, अन् ती गावी पोचली ती अकराव्या दिवशी. तोवर रडणं सगळं रडून झालं होतं. बायकांनी तिला विमानात जेवायला काय देतात ते विचारलं. परतल्यावर शॉमबर्गच्या मराठी मंडळानं शोकसभा घेतली. दोन मिनिटांचं मौन एका मिनिटात आटोपलं, कारण हॉल सहापर्यंतच मिळाला होता. मग साबुदाण्याची खिचडी झाली. प्रतिमा कुठंच रडली नाही. सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. किती धीराची!

नोरानं मात्र कौतुक केलं नव्हतं. फेब्रुवारीत तिनं प्रतिमाला चुलीपाशी बसवून सांगितलं होतं, "माझी आई रडनारी हुती. तसली न्हवं. गावात मेलं कुनी की तिला बोलवनं यायचं. मढ्याशेजारी बसून हेल काढायची, आन् सांगायची. मेलेला कसा हुता, बायकोला कसं वागवलं, सासूनं काय छळलं, समदं. मढं आयकतंय म्हनून सांगायची, आन् ते आयकायचं जित्यांनी. धर्मगुरू एकदा घोड्यावर बसून चाबूक घेऊन आला तिला हाकलायला. तिनं त्याच्यावरबी एक कडवं केलं."

प्रतिमानं नंतर लायब्ररीत शोधलं, तर खरंच होतं. कीनिंग म्हणत त्याला. पुरुषांसमोर बाईला मोकळं बोलायची तेवढी एक जागा होती, आणि शहाण्या माणसांनी ती बंद करवली. वाचता वाचता तिला सुमित्राबाई दिसली होती. तोंडाला पदर लावून, नव्यानं विधवा झालेल्या बाईच्या गळ्यात हात टाकून, पहिला हेल काढणारी. गावात कुणाचंही मरण असो, सुरुवात सुमित्राबाईच करायची. तिच्या स्वतःच्या मरणाला कुणी सुरुवात केली, हे प्रतिमानं विचारलं नव्हतं.

केक ठेवून ती निघाली, तेव्हा नोरानं तिचा हात धरला.

"उद्या मिकला दर्शनाला फ्युनरल होममदी ठेवनार. झाकन लावायच्या आदी मला त्याच्याशी बोलायचंय. पन्नास वरसं बोलले न्हाई ते. येकटीला हेल उचलता येत न्हाई गं. आमच्यात दुसऱ्या बाईनं आवाज धरायचा असतोया. पलीकडच्या पेगीला म्हनलं, तर म्हनली, नवऱ्याला, फ्रँकला इचारून सांगते."

"मग काय म्हणाले फ्रँक?"

"मका काढायचा म्हनला."

प्रतिमा फाटक लावून घरी आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारुदत्तनं तिच्या हातात गोळीचं एक छोटं पाकीट दिलं. "साडेतीनला नोराला दे. माइल्ड आहे. डेनिसनं रिक्वेस्ट केलीय. आई सीन करेल अशी त्याला भीती वाटतेय."

"नोराला विचारलंस?"

"तिला कशाला विचारायचं?"

"पेशंट कोण आहे यात? डेनिस?"

"प्रतिमा, प्लीज. अख्खं गाव माझं पेशंट आहे. आपल्याला इथं राहायचंय."

नोरा काळा झगा घालून ओट्याशी उभी होती. पाकीट तिनं उलटंपालटं केलं.

"दुखतंय कुनाला?"

"डेनिसला," प्रतिमा म्हणाली.

"मग त्येला दे की."

पाकीट प्रतिमाच्या पर्समध्ये परत गेलं.

फ्युनरल होम म्हणजे गालिचा. पाऊल वाजू नये, हुंदका वाजू नये, अशी सगळी व्यवस्था. कोपऱ्यात टेपवर बारीक ऑर्गन, टेबलावर हॅमची सँडविचेस आणि हिरवी थरथरती जेली. मिक पेटीत निजला होता, गालांना रंग लावून. जिवंतपणी इतका प्रसन्न तो कधी दिसला नव्हता. पुरुष मक्यातल्या ओलाव्याविषयी हळू आवाजात बोलत होते. मागं कोटांच्या रांगेशी एक बाई एकटीच उभी होती. ती मेव्ह, नोराची लेक, शिकागोत शिक्षिका. कॉलेजला जायचं म्हणून घर सोडून गेली, त्या दिवसापासून मिकनं तीस वर्षं तिचं नाव घरात घेऊ दिलं नव्हतं.

फादर हॅनिगन गिटार वाजवणारे, सुधारलेले. त्यांनी नोराचे दोन्ही हात हातात घेतले.

"नोरा, आता काळ बदललाय. आपल्या चर्चमध्ये बायकाही पुढं येऊन वाचतात. आज चार शब्द तुम्हीच बोला." आणि त्यांनी तिच्या हातात एक कार्ड दिलं. चार शब्द डेनिसनं टाइप करून आणले होते.

नोरा पेटीशी उभी राहिली. चष्मा लावला.

"मायकल टायर्नी यांनी हे शेत," तिनं वाचलं, "एकट्याच्या हिमतीवर..."

ती थांबली. कार्ड डोळ्यांपासून लांब धरलं, जवळ धरलं. ऑर्गन वाजत राहिला.

"सावकाश, नोरा," फादर म्हणाले.

नोराचे ओठ हलत होते. आवाज येत नव्हता. तिनं मान वळवून पेगीकडं पाहिलं. पेगीनं फ्रँककडं पाहिलं. फ्रँकनं बुटांकडं. मग म्हातारीची नजर प्रतिमावर आली आणि तिथंच थांबली.

चारुदत्तनं हळूच प्रतिमाचा दंड धरला. "गोळी दिली होतीस ना?"

प्रतिमानं दंड सोडवून घेतला. गालिच्यावरून चालत पेटीपाशी गेली. साडी नेसली असती तर पदर असता. तिनं गळ्यातला रुमालच तोंडाला लावला आणि दुसरा हात नोराच्या गळ्यात टाकला. काय म्हणायचं ते तिला ठाऊक नव्हतं. ते आपोआप आलं, एम.ए.च्या मराठीत नव्हे, येरळाकाठच्या.

"माज्या बये गं... मी यायच्या आदी कशी गं गेलीस... दारात कुनी न्हवतं गं माझं... कुनाच्या गळ्यात पडू गं माज्या बये..."

हेल छताला लागला. कुणाच्या तरी हातातली जेली पडली, आवाज न करता. आणि त्या हेलाखालून दुसरा निघाला, जुना, घोगरा, आधी तिच्या आईच्या, इथं कुणालाच न कळणाऱ्या भाषेत. नोरा मागंपुढं झुलत होती. मग ती इंग्रजीवर आली, लेकांना कळावं म्हणून.

"मिक रं माज्या मिका... थंडीत माझे बूट चुलीशी ठेवनाऱ्या गड्या... येकट्यानं शेत केलंस व्हय रं? मग पाटंच्या धारा कुनी काढल्या? मी डेनिसच्या बाळंतपनात दवाखान्यात, आन् तू माज्या अकरा गाई इकल्यास, ट्रॅक्टर आनलास. ट्रॅक्टरचं नाव समद्या गावाला ठावं. माज्या गाईंची नावं तुला येत न्हवती. आयक आता. डेझी, मॉली, क्लोव्हर, बिडी..."

अकराही नावं तिनं घेतली, एकेका नावाला पेटीवर थाप मारत. डेनिसनं जाऊन ऑर्गन मोठा केला. नोरानं हेल त्याहून वर नेला.

"आन् लेकीचं नाव रं? तीस वरसं गिळलं मी. मेव्ह! मेव्ह! मेव्ह!"

कोटांच्या रांगेतून मेव्ह पुढं आली. पन्नाशीला टेकलेल्या डेनिसला बाजूला सारून ती दुसऱ्या बाजूनं आईच्या गळ्याशी भिडली. फादरनी घड्याळ पाहिलं. फ्युनरल होमच्या मालकानं टिश्यूचा खोका उचलला, पुन्हा ठेवला. कुणाला द्यावा ते त्याला समजेना. नोरानं कार्ड मिकच्या कोटाच्या खिशात सारलं.

"हे तूच वाच. तुला येळ हाय," ती म्हणाली, आणि वाकून त्याच्या रंगवलेल्या गालाचा मुका घेतला.

झाकण लागलं. पर्समधली गोळी शेवटी डेनिसनं घेतली.

बाहेर पायरीवर नोरा सिगारेट ओढत बसली. प्रतिमाचे डोळे सुजले होते, आणि ती लपवत नव्हती.

"कुनाचं रडलीस?" नोरानं विचारलं.

"आईचं."

"वाटलंच. मिकसाठी येवढं कुनी रडलं नसतं."

पुढच्या रविवारी चर्चच्या पत्रकात एक चौकट आली. अंत्यदर्शनाच्या वेळी शांतता राखावी. ज्यांना भावना व्यक्त करायच्या असतील त्यांनी दाराशी ठेवलेल्या वहीत लिहाव्यात. चारुदत्तनं ती चौकट प्रतिमाला मोठ्यानं वाचून दाखवली. ती चहा गाळत होती. तिनं गाळणं झाडलं आणि त्याला विचारलं, "साखर?"

मंगळवारी ती नोराकडं बसली असताना पेगी ॲपल पाय घेऊन आली. बाहेर फ्रँकची पिकअप इंजिन चालू ठेवून उभी होती.

"तुम्ही दोघी," पेगी हळूच म्हणाली, "माझ्याकडं याल का?"

प्रतिमा दचकली. "का? फ्रँकना काय झालं?"

"कुठं काय! डॉक्टर म्हणतात, अजून दहा वर्षं सहज काढतील. मी आपलं आधी सांगून ठेवते."

"दहा वरसं," नोरा म्हणाली. तिनं ॲपल पाय कापला, तीन बशा मांडल्या. "मग येळ हाय. बस. पयल्यापास्नं सांग, काय काय केलंय त्यानं."

बाहेर हॉर्न वाजला. पेगीनं खिडकीकडं पाहिलं. पुन्हा वाजला, जरा लांब.

पेगीनं खुर्ची पुढं ओढली. "लग्नाच्या दिवसापासून सांगू," तिनं विचारलं, "का त्याच्या आधीपासून?"