बरं झालेलं बोलू नये

धुळामामांनी शाईचं पॅड दोन बोटांनी परत सुकन्याकडे सरकवलं.

"अंगठा न्हाय द्यायचा."

काटा रुतून दोन वर्षं सुजलेला, ठिकठिकाणी वाहणारा पाय घेऊन नातेपुत्याचा हा मेंढपाळ सोलापूरच्या दवाखान्यात आला, तेव्हा नेहमीच्या गोळ्या हरल्या होत्या आणि पाय घोट्यापासून कापायचं जवळजवळ ठरलं होतं. आज तोच पाय चपलेत घालून मामा लॅबच्या स्टुलावर ऐटीत बसले होते. लॅब सांभाळणाऱ्या सुकन्याला काट्यावाटे त्यांच्या पायात शिरलेली बुरशी जगभरचे डॉक्टर बघतात त्या वेबसाइटवर नोंदवायची होती. बुरशीची जनुकं, लागू पडलेलं औषध, रोगी बरा झाला का, सगळं तिथं जायचं. पण संमतीशिवाय नाही. आणि मामांचं एकच पालुपद, बरं झालेलं बोलून दाखवू नये, दृष्ट लागते. पाय कापून घ्यायला तयार झालेला माणूस अंगठ्यावर अडून बसला होता.

सुकन्याला हसू आलं, रागही आला.

"मामा, तुम्हाला लागू पडलेली गोळी मला कुठं सापडली, बघायचंय?"

तिने स्क्रीन वळवली. सुदानमधल्या एका रोग्याची नोंद होती. त्याच्या बुरशीची जनुकं मामांच्या बुरशीशी तंतोतंत जुळली होती. नेहमीची गोळी निकामी, दुसरी चालते, हे तिला तिथंच कळलं होतं.

"काय करतो त्यो मानूस?"

"मेंढपाळच आहे."

मामा सावरून बसले.

"मंग त्यो बी बरा झाला आसंल की."

हो म्हणणं सोपं होतं. सुकन्याच्या जिभेवर ते येईना.

"नाही मामा. त्याचा पाय कापला. कापलेल्या पायातल्या बुरशीवर गोळ्या तपासल्या, तेव्हा ही गोळी कळली."

मामांनी चपलेतून पाय काढला आणि तळवा फरशीवर टेकवला.

"आता त्याची मेंढरं कोन राखतं?"

सुकन्याने स्क्रीनवरची नोंद वरखाली करून पाहिली.

"ते लिहिलेलं नाही."

मामांनी पॅड ओढून घेतलं. अंगठा शाईत चांगला दाबून कागदावर उमटवला. सुकन्या कागद उचलणार, तोच त्यांनी हात आडवा घातला.

"थांब. काटा हिवराचा व्हता, त्ये लिही. आन् आता बरा हाय, दिसभर मेंढरामागं हिंडतो, त्ये बी लिही."