देवीनं परत दिलेली पाळी

मंगळवारी देवीच्या पारावर पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध चौरंगावर केशरबाई बसली होती आणि बाया रांगेनं तिच्या पाया पडत होत्या. पाळी जाऊन कैक वर्षं झालेल्या या आजीबाईला देवीनं पाळी परत दिली होती, म्हणे!

"वठल्या झाडाला पालवी फुटली गं!" रंगनाथ भगत घुमत होता. "बगा आईचा कौल!"

हळदीचं फडकं त्यानं केशरबाईच्या ओटीला लावलं, वर तीर्थ शिंपडलं. पिवळं फडकं लालभडक झालं. बायांनी हात जोडले.

"हिला दवाखाना दावला, तर आई कोपंल!" भगत गरजला.

सून सविता मागं उभी होती. सासूची लुगडी तीच धूत होती. डाग केव्हाही पडत होते, त्यांना वास यायला लागला होता. "पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर थांबू नकोस," असं नर्सबाईंनी बजावलं होतं. पण नवरा, अंगद, ऐकेना. "आईला गाव पुजतंय, अन् तू दवाखाना काढतीस?"

काल मात्र धुताना लुगड्यावरचे हळदीचे डाग साबणात बुडाले आणि डोळ्यांदेखत लाल झाले. आज ती तांब्या घेऊनच आली होती. ती पुढं झाली.

"भगतबुवा, माझ्याकडचं तीर्थ चालंल का?"

"आईच्या नावानं आनलंस, तर चालंल की!"

सवितानं तांब्या थेट त्याच्या हळदीनं माखलेल्या धोतरावर ओतला. मांडीवर लाल डाग पसरत गेला.

"अगं बया!" शेजारची छबूबाई ओरडली. "भगताला बी पाळी आली!"

सगळा पार हसला.

"पापिनी! भोगशील!" भगत किंचाळला.

"साबनाचं पानी हाय हे," सविता म्हणाली. "साबन नायतर चुना लागला की हळद लाल हुतीच. बुवांच्या तीर्थात चुन्याची निवळी असनार. घरी जाऊन करून बगा."

केशरबाई मात्र हसली नव्हती. "फडकं खोटं, सविते. पर माझं रगत तर खरं हाय. ते कशाचं?"

"दुखन्याचं, आत्याबाई. वयात येताना पाळी येती, पोट राहिलं की थांबती, पन्नाशीच्या आसपास जाती. येकदा गेली, की परत येत न्हाई. रगत दिसलं, म्हंजी आत कायतरी बिघडलंय."

केशरबाईनं गळ्यातला हार काढून ठेवला. "अंगद, टेम्पो आन."

श्रीगोंद्याच्या डॉक्टरांनी तिला नगरला धाडलं. गर्भाशयाच्या तोंडाशी कर्करोगाची गाठ होती, पण पसरली नव्हती. आणखी वर्षभर गावानं नुसती पूजा केली असती, तर उपाय हाती राहिला नसता.

उपचार संपवून केशरबाई घरी आली, तेव्हा छबूबाई ओटीचं सामान घेऊन दारात उभी. बराच वेळ घुटमळून ती हळूच म्हणाली, "माझ्या बी अंगावरून जातंय गं. लई दिसांपासनं. कुनाला सांगू?"

केशरबाईनं तिला जवळ बसवलं. "लाजंनं आपन गप बसतो, अन् भगताचं फावतं. अंगाला काय बी झालं, तर ते कशानं झालं हे आधी इचारावं. उद्या चल नर्सबाईकडं, मी संगट येते. ओटी काय, मागनं भर."